चालताना पोटरी धरते? पायाची नाडी तपासून घ्या

दिवाळी-पाडव्याला, संक्रांतीला आपण घरातल्या वडीलधाऱ्यांच्या पाया पडतो. हात पावलांना लागतो, आशीर्वाद मिळतो आणि आपण पुढच्या माणसाकडे वळतो. ते पाऊल गार लागले की उबदार, दोन्ही पावले सारखी होती की एक अधिक थंड, हे किती जणांच्या लक्षात येते? आम्हा डॉक्टरांची गोष्टही फारशी निराळी नाही. रुग्ण आला की दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला जातो, छातीला नळी लागते, जीभ पाहिली जाते. पण चप्पल काढायला सांगून पावलाची नाडी पाहिली, असे क्वचितच घडते. आजच्या लेखात या दुर्लक्षित नाडीविषयी लिहायचे आहे.

आपल्या जिल्ह्यात साठीच्या पुढचे माणूस दवाखान्यात आले की तक्रारींमध्ये एक तक्रार हमखास असते. "डॉक्टरसाहेब, पोटऱ्या भरून येतेत." कोणी म्हणतो वांब येतो, कोणी म्हणतो गोळा येतो, कोणी नस दबली असे स्वतःच निदान करून येतो. सोबतचे लोक लगेच पुस्ती जोडतात, "वय झालंय आता, दुसरं काय!" मग वाताचे तेल, दुखण्याच्या गोळ्या, कमरेचा एक्स-रे आणि पुष्कळदा आग्रहाने लावून घेतलेली सलाईनची बाटली, असा क्रम चालतो. यांतल्या बऱ्याच जणांचे दुखणे खरोखरच गुडघ्याचे किंवा कमरेचे असते. काहींचे मात्र रक्ताभिसरणाचे असते. ते वेगळे काढायला मोठी यंत्रे लागत नाहीत, आणि ते वेळीच वेगळे काढले नाही तर पुढे पाय गमवावा लागू शकतो.

हे दुखणे समजण्यासाठी पाटाच्या पाण्याचे उदाहरण घेऊ. माजलगाव, गेवराई भागातल्या शेतकऱ्याला ते वेगळे समजावून सांगायला नको. कालव्यात गाळ साचला, कडेने झुडपे वाढली, की पाणी सुटूनही शेवटच्या शेतापर्यंत पोचत नाही. वरच्याचे भागते, टेलचा शेतकरी कोरडा राहतो. आपल्या शरीरात हृदयापासून सर्वांत लांबचे शेत म्हणजे पावले. हृदयाकडून शुद्ध रक्त नेणाऱ्या वाहिन्यांना रोहिणी किंवा धमनी म्हणतात. तंबाखू, मधुमेह, वाढलेला रक्तदाब, रक्तातील जादा चरबी आणि वाढते वय यांमुळे या धमन्यांच्या आतल्या अस्तरात चरबीचे आणि चुन्याचे थर बसत जातात. वाट अरुंद होते. बसून असताना पायाच्या स्नायूंचे थोड्या रक्तावर भागते. चालू लागले की त्यांची गरज कितीतरी पटींनी वाढते; तेवढे रक्त मिळत नाही आणि पोटरी धरते. माणूस थांबला की दोन-पाच मिनिटांत दुखणे थांबते. पुन्हा चालावे, तर साधारण तेवढेच अंतर गेल्यावर पुन्हा तेच.

गंमत अशी, की या दुखण्याचे पहिले नेमके वर्णन माणसाचे नव्हे, घोड्याचे आहे. १८३१ साली फ्रान्समधील बूले नावाच्या पशुवैद्यांनी गाडीला जुंपल्या जाणाऱ्या एका घोड्याची हकीगत नोंदवून ठेवली. घोडा थोडे अंतर धावला की मागच्या पायांनी लंगडायचा आणि थांबवला की पुन्हा ठीक व्हायचा. त्याच्या मागच्या पायांना रक्त नेणाऱ्या धमन्या तुंबलेल्या आढळल्या. हेच दुखणे माणसात ओळखून त्याची मांडणी केली ती शार्को या फ्रेंच डॉक्टरांनी, १८५८ मध्ये. जनावर कुठे थांबते, किती अंतरावर थांबते, हे मालक बारकाईने पाहतो. आपल्याकडेही बैल पाय ओढू लागला तर त्याच दिवशी दवाखाना दाखवला जातो. घरचा म्हातारा पारापर्यंत जायचा तो ओट्यावरच बसू लागला, तर ते मात्र आपण वयाच्या खात्यावर मांडतो.

माझ्याकडे केज भागातील एक आजोबा येत असत. वय अडुसष्ट-सत्तर, कित्येक वर्षे न चुकता पायी वारी केलेले. दोन वर्षांपासून ते दिंडीत मागे पडू लागले. टाळकरी पुढे निघून जात आणि हे झाडाखाली पोटरी चोळत बसत. दुसऱ्या वर्षी त्यांनी वारीच सोडली. कमरेचा फोटो काढून झाला होता, पट्टा बांधून झाला होता. मी त्यांना एकच विचारले, "बाबा, गावात कुठून कुठपर्यंत चालता येतं?" ते म्हणाले, "मारुतीच्या देवळापासून शाळेपर्यंत. शाळेच्या फाटकापाशी थांबावंच लागतंय." "बसावं लागतं का?" "नाय, नुसतं उभं राहिलं तरी पाय सुटतो." या दोन उत्तरांतच निम्मे निदान झाले होते. चप्पल काढून पाहिले तर डाव्या पावलावरची नाडी हाताला लागत नव्हती, नडगीवरचे केस गेले होते आणि अंगठ्याचे नख जाड, ठिसूळ झाले होते.

आता हे दुखणे इतर दुखण्यांपासून कसे ओळखायचे ते पाहू. गुडघ्याच्या संधिवातात पहिली काही पावलेच जड जातात. उठताना, जिना उतरताना त्रास होतो. कमरेच्या मणक्यात नस दबली असेल तर चालताना पाय भरून येतात खरे, पण नुसते उभे राहून आराम पडत नाही. बसावे लागते किंवा पुढे वाकावे लागते. असा माणूस सायकल मात्र व्यवस्थित चालवतो. पायांवरच्या निळ्या शिरा फुगलेल्या असतील तर फार वेळ उभे राहिल्याने पाय ठणकतात आणि पाय उशीवर उंच ठेवले की बरे वाटते. मधुमेहात नसा खराब झाल्या असतील तर तळव्यांची आग होते, मुंग्या येतात आणि हा त्रास रात्री बसल्या जागीही होतो. रक्त कमी पडल्याने होणारे दुखणे यांहून वेगळे असते. ते चालल्यावर येते, बहुधा पोटरीत येते, ठराविक अंतरावर येते आणि उभे राहिले तरी थांबते.

आजार पुढे सरकला की दुखणे चालण्यापुरते राहत नाही. रात्री अंथरुणावर पाठ टेकली की बोटे आणि पाऊल ठणकू लागतात, कारण आडवे झाल्यावर उताराने मिळणारी थोडीबहुत मदतही थांबते. असा माणूस रात्रभर बाजेवरून पाय खाली सोडून बसतो किंवा एक पाय लोंबकळत ठेवून झोपतो. घरच्यांना ती म्हाताऱ्याची सवय वाटते. वाचकहो, ही सवय नव्हे. बाजेखाली सोडलेला पाय दिसला तर दुसऱ्या दिवशीच डॉक्टर गाठावा. बोटांच्या टोकाशी किंवा टाचेवर न भरणारी जखम, काळसर डाग, पाऊल उंच केले की पांढरेफटक आणि खाली सोडले की लालजांभळे होणे, ही सगळी त्याच वाटेवरची पुढची ठिकाणे आहेत.

नाडी कुठे पाहायची? पायाच्या अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यातून सरळ वर घोट्याकडे बोट नेले, की पावलाच्या उंचवट्यावर एक ठोका लागतो. दुसरी जागा आतल्या घोट्याच्या हाडामागे, हाड आणि टाच यांच्या मधल्या खळगीत आहे. दोन-तीन बोटे हलकेच टेकवावीत. जोरात दाबले तर नाडीच बंद होते, आणि अंगठ्याने पाहिले तर पाहणाऱ्याला स्वतःचेच ठोके जाणवतात. थोड्या सरावाने घरातील शाळकरी मुलालाही हे जमते. काही निरोगी माणसांत पावलावरची नाडी जन्मतःच हाताला लागत नाही, म्हणून ती सापडली नाही तर एकदम घाबरून जाऊ नये. मात्र दोन्ही जागी नाडी लागत नसेल, किंवा एका पायाला लागते आणि दुसऱ्याला नाही, असे असेल तर पुढची तपासणी करून घेणे अगत्याचे आहे.

ही पुढची तपासणी म्हणजे घोट्याच्या रक्तदाबाची दंडाच्या रक्तदाबाशी तुलना. रुग्णाला पाच-दहा मिनिटे शांत पडू द्यायचे. मग नेहमीच्याच रक्तदाबाच्या पट्ट्याने दोन्ही दंडांचा आणि दोन्ही घोट्यांचा वरचा रक्तदाब मोजायचा. घोट्यापाशी स्टेथोस्कोपने नीट ऐकू येत नाही, म्हणून तेथे डॉप्लर नावाचे हातात मावणारे छोटे यंत्र लावतात. त्यातून रक्ताच्या वाहण्याचा सूं-सूं आवाज ऐकू येतो. घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागायचे. दोन दंडांत जो आकडा मोठा तो धरायचा. घोट्याचा दाब दंडाइतका किंवा थोडा जास्त असणे हे निरोगी. म्हणजे उत्तर १.०० ते १.४० मध्ये येते. ०.९१ ते ०.९९ ही सीमारेषा झाली. ०.९० किंवा त्याखाली आले तर पायाच्या धमन्यांत अडथळा आहे असे धरतात आणि ०.४० च्या खाली गेले तर पाय धोक्यात आहे असे समजावे. वर सांगितलेल्या आजोबांचा दंडाचा दाब १५० आणि डाव्या घोट्याचा ९३ होता. भागाकार ०.६२. त्यांना आकडेमोड समजावून सांगितली तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे रुपयातले बासष्ट पैसेच खाली पोचतेत!" इतक्या सोप्या शब्दांत मला कधी सांगता आले नव्हते.

मधुमेह जुना असेल तर मात्र एक घोटाळा होतो. घोट्यापाशी धमन्या चुन्याने इतक्या कडक होतात, की पट्ट्याने दबतच नाहीत आणि भागाकार १.४० च्याही वर जातो. आकडा मोठा म्हणून रक्तपुरवठा चांगला, असा अर्थ येथे काढू नये. अशांचा पायाच्या अंगठ्याचा दाब वेगळ्या छोट्या पट्ट्याने मोजावा लागतो.

प्रत्येक म्हाताऱ्याची अशी तपासणी करावी का? यावर जगभरच्या तज्ज्ञांत एकमत नाही, आणि ते लपवण्याचे कारण नाही. अमेरिकेतील प्रतिबंधक आरोग्यसेवांविषयीच्या तज्ज्ञ गटाने २०१८ मध्ये असे मत दिले, की काहीच त्रास नसलेल्या सरसकट सर्वांची ही तपासणी करावी की करू नये, हे ठरवण्याइतका पुरावा हाती नाही. डेन्मार्कमध्ये ६५ ते ७४ वर्षांच्या सुमारे ५० हजार पुरुषांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. त्यात पायाच्या धमन्या, पोटातील महाधमनी आणि रक्तदाब अशी एकत्र तपासणी देऊ केलेल्या गटात पाच वर्षांत मृत्यूचे प्रमाण सुमारे सात टक्क्यांनी कमी आढळले. त्याच देशातील २०२२ च्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासात मात्र एवढा स्पष्ट फायदा दिसला नाही. माझे मत असे, की आपल्यासारख्या जिल्ह्यात गावच्या गाव यंत्राखाली घालण्याची गरज नाही. साठी ओलांडलेल्या प्रत्येकाला दोन प्रश्न विचारावेत, त्याचे मोजे-चपला काढून पाऊल पाहावे, नाडीला हात लावावा. ज्याचे वय ६५ च्या पुढे आहे आणि तंबाखू आहे, किंवा पन्नाशीनंतर मधुमेह आहे, किंवा नाडीविषयी शंका आहे, त्याची डॉप्लरने मोजणी करावी. हे यंत्र काही हजार रुपयांत मिळते.

नुसत्या तक्रारीवर विसंबून का चालत नाही, तेही सांगतो. २००१ मध्ये अमेरिकेत सुमारे सात हजार लोकांची अशी मोजणी झाली. सत्तरीच्या पुढचे, किंवा पन्नास ते एकोणसत्तर वयाचे पण धूम्रपान वा मधुमेह असलेले, असे लोक त्यांत घेतले होते. शंभरात एकोणतीस जणांना पायाच्या धमन्यांचा किंवा त्या जातीचा आजार निघाला, पण चालताना पोटरी धरण्याची ठराविक तक्रार त्यांतल्या थोड्यांनाच होती. बाकीचे लोक फार चालतच नव्हते किंवा वयाला दोष देऊन गप्प होते. आपल्या देशात चेन्नई शहरात झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हा आजार मधुमेह असलेल्यांत शंभरात सहा, तर नसलेल्यांत शंभरात तीनच्या आत आढळला. शहरातल्या त्या पाहणीत तरुणही होते, हे येथे ध्यानात घ्यावे.

आणि हा प्रश्न पायापुरता नाही. पाटाचा एक फाटा गाळाने भरला असेल तर दुसरे फाटेही स्वच्छ नसतात. ज्याच्या पायाच्या धमन्या अरुंद झाल्या, त्याच्या हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्याही पुष्कळदा तशाच असतात. चालताना पोटरी धरणाऱ्या शंभर रुग्णांपैकी पाच वर्षांत पाय गमावणारे एक-दोनच असतात. पण सुमारे वीस जणांना हृदयविकाराचा झटका किंवा अर्धांगवायू गाठतो. म्हणून पावलाची नाडी पाहताना आम्ही एका अर्थी छातीचीही खबर घेत असतो.

कारणांत पहिला मान तंबाखूचा. विडी-सिगारेटचा पुरावा सर्वांत भक्कम आहे. चाळिशीच्या आतल्या, सतत विडी ओढणाऱ्या तरुणांची बोटे काळी पडून झडतात, तो आजार थोडा वेगळा. न्यूयॉर्कमधील बर्गर या डॉक्टरांनी १९०८ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. विडी सोडली तर तो थांबतो आणि ओढत राहिल्यास एकामागून एक बोट जाते. आपल्याकडे मात्र ओढणाऱ्यांपेक्षा मळणारे जास्त. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात चारांत सुमारे एक प्रौढ माणूस बिनधुराची तंबाखू वापरत होता, धूम्रपान करणारे त्या मानाने फारच थोडे होते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. ती कितपत पाळली जाते हे टपरीवर उभ्या असलेल्या कोणालाही ठाऊक आहे. असो. "आम्ही कुठं ओढतो, नुसती मिश्री लावतो," असे म्हाताऱ्या बायका सांगतात. मिश्रीतूनही निकोटीन रक्तात जाते आणि रक्तवाहिन्या आकसतात. ५२ देशांतील रुग्णांच्या २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्यांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका दुपटीहून अधिक दिसला. तेव्हा मिश्रीला वेगळी सवलत देता येणार नाही.

आता आपल्या जिल्ह्यापुरते एक बोलणे आवश्यक आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथली लाखो माणसे ऊसतोडीला बाहेर पडतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायकोचा कोयता ट्रकमध्ये चढतो आणि पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातो. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार भागातील कितीतरी वस्त्यांवर चैत्रापर्यंत म्हातारी माणसे आणि शाळकरी नातवंडे एवढीच उरतात. म्हाताऱ्यांचे पाय पाहणारे कोणी नसते, आणि नेमका हाच काळ थंडीचा. रक्तपुरवठा कमी असलेल्या पायाला थंडी सोसत नाही.

अशाच एका वस्तीवरच्या साठी ओलांडलेल्या आजी एका पौषात माझ्याकडे आल्या होत्या. कार्तिकात शेळ्यांमागे फिरताना करंगळीजवळ बाभळीचा काटा मोडला. त्यावर शेजारणीने जुन्या रिवाजाप्रमाणे बिब्बा घातला. बिब्ब्याने कातडी भाजली, जखम चिघळली. घरात दोन नातवंडे. मुलगा आणि सून कारखान्यावर. फोनवर मुलगा विचारी, "आई, पाय कसा हाय?" आणि त्या म्हणत, "बरा हाय, तुम्ही नका येऊ. उचल फिटू द्या." मधुमेहामुळे पायाला बधिरपणा होता, त्यामुळे दुखणेही फारसे जाणवले नाही. वास येऊ लागला तेव्हा नातीने शेजाऱ्यांना सांगितले. आजींना पुढे पाठवले. जीव वाचला, पाय गुडघ्याखालून काढावा लागला. दुसऱ्या पायाची नाडीही मंद होती. आदल्या श्रावणात कोणी ही दोन पावले हातात घेऊन पाहिली असती तर साखर, तंबाखू, चप्पल, काटा या सगळ्यांची काळजी वेळेवर घेता आली असती. त्यांना मधुमेह आहे, हेसुद्धा पाय कुजल्यावर कळले.

म्हणून माझी एक सूचना आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांची खांदेमळणी करतो. हळद-तुपाने खांदे चोळतो, खुरांकडे पाहतो. पोळ्यापासून टोळ्या निघेपर्यंत महिना-दीड महिना हातात असतो आणि सगळी तरणी माणसे तेव्हा घरी असतात. त्याच दिवसांत घरातील साठीच्या पुढच्या प्रत्येकाचे पाय धुऊन, उजेडात बसवून पाहावेत. बोटांच्या बेचक्या, टाचांच्या भेगा, नखे, कुरूप, सगळे पाहावे; दोन्ही पावलांना हात लावून गारवा ताडून पाहावा, नाडी शोधावी. शंका आली तर निघण्याआधीच डॉक्टरांना दाखवावे. गावोगावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरांत तिशीच्या पुढच्यांचा रक्तदाब, साखर आणि तोंडाच्या, स्तनाच्या, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी होते. पायाच्या नाडीला त्या मुख्य यादीत जागा नाही. पण साखर तपासायला गेलेल्या माणसाने "माझे पायही पाहा" असे म्हणायला कोणाची हरकत असणार? हरिनाम सप्ताहात सारा गाव मंडपात असतो. तेथे रक्तदाबाचे शिबिर लावणाऱ्या तरुण मंडळांनी एक खाट आणि एक डॉप्लर वाढवला तरी पुष्कळ काम होईल.

आजार निघाला तर घाबरून जाऊ नये. बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. तंबाखू पूर्ण बंद, साखर व रक्तदाब आटोक्यात, चरबी कमी करणारी स्टॅटिनची गोळी आणि गुठळी होऊ न देणारी ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल यांपैकी डॉक्टर सांगतील ती गोळी, एवढ्यावर बरेच काम होते. या गोळ्या शेजाऱ्याच्या डबीतून घेऊ नयेत. पोटात व्रण असेल तर ॲस्पिरिनने रक्तस्राव होतो. सलाईनने धमनी मोकळी होत नाही, हे एकदा मनाशी पक्के करावे.

दुसरे औषध चालण्याचे. दुखते म्हणून बसून राहणे हा सर्वांत वाईट सल्ला आहे. पायाला जखम नसेल तर सपाट रस्त्यावर पोटरी चांगली धरेपर्यंत चालावे, थांबावे, दुखणे गेले की पुन्हा निघावे. असे अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून किमान तीन दिवस, निदान तीन महिने. आडवाटेने लहान धमन्या रुंदावतात, स्नायू मिळेल त्या रक्तात जास्त काम करायला शिकतात आणि पुष्कळांचे चालण्याचे अंतर दुपटीपर्यंत वाढते. छातीत दुखणाऱ्यांनी मात्र आधी हृदयाची तपासणी करून घ्यावी. ते आजोबा फाल्गुनापासून रोज शाळेपर्यंत, मग शाळेपुढच्या विहिरीपर्यंत आणि ज्येष्ठात फाट्यापर्यंत जाऊ लागले. तंबाखूची डबी त्यांनी सुनेच्या हवाली केली होती. शेगावची पालखी परळी-अंबाजोगाईकडून पंढरपूरला जाते. त्या आषाढात तिच्या दर्शनाला ते गर्दीतून पायी गेले. पूर्ण वारीचा हट्ट मी त्यांना करू दिला नाही.

पायाला गरम विटेने, रुईच्या पानाने शेकणे, शेकोटीत पाय धरणे, कढत पाण्यात बुडवणे हे सगळे टाळावे. बधिर पायाला चटका कळत नाही आणि रक्त कमी असलेल्या कातडीवरचा फोड भरून येत नाही. उबेसाठी सैल लोकरी मोजे पुरेत. कुरूप ब्लेडने कापू नये, बिब्बा लावू नये. नवरात्रात अनवाणी राहण्याचे व्रत पुष्कळ जण घेतात, कोजागरीला तुळजापूरला पायी जातात. ज्यांना मधुमेह आहे आणि पावलाची नाडी लागत नाही, त्यांनी देवीची क्षमा मागून मऊ तळव्याची चप्पल घालावी.

पाय अचानक पांढरा पडला, गारठला, प्रचंड दुखू लागला किंवा हलेनासा झाला, तर ती घाईची वेळ समजावी. गुठळीने धमनी एकदम बंद झाल्याची ती खूण असते. सहा तासांच्या आत रक्त सुरू झाले तर पाय वाचण्याची शक्यता मोठी असते, म्हणून चोळत बसू नये. १०८ ला फोन करावा. बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, जे जवळ असेल ते गाठावे. पुढे छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याला पाठवण्याचा निर्णय तेथेच लवकर होतो. फुग्याने धमनी उघडणे, बायपास हे उपचार महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतात का, याची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करावी.

पाय तपासायला येताना दोन गोष्टी कराव्यात. आजींनी घट्ट बसलेली जोडवी घरीच, साबणाच्या पाण्याने सैल करून काढावीत. ओढाताण करून कातडी सोलू नये. आणि तपासणीआधी निदान दोन तास विडी, तंबाखू, मिश्री काही नको, कारण आकसलेल्या नाडीचा आकडा खोटा येतो. जुन्या गोळ्यांची पाकिटे आणि साखरेचे कागद पिशवीत असू द्यावेत.